नखाएवढी नजर

हात समोर ताठ धरा आणि अंगठा उभा करा. अंगठ्याचं नख जेवढी जागा अडवतं, साधारण तेवढ्याच जागेतलं तुम्हाला या क्षणी खरोखर स्वच्छ दिसतं आहे. बाकीची खोली, भिंतीवरचं कॅलेंडर, दारात उभा असलेला माणूस हे सगळं दिसतंय असं वाटतं, पण डोळ्याकडून येणारी त्याची बातमी अर्धवट असते आणि उरलेली मेंदू आठवणीतून भरून काढतो. पटत नसेल तर नखावर नजर रोवून ठेवा आणि वीतभर बाजूला धरलेल्या वर्तमानपत्रातली बातमी वाचून बघा. मथळ्याचा आकार कळतो. अक्षर लागत नाही.

याचं कारण डोळ्याच्या रचनेत आहे. दृष्टिपटलाच्या मध्याजवळ एक इवलासा खळगा असतो, त्याला फोव्हिया म्हणतात. बारकावे टिपणाऱ्या शंकू पेशी तिथे दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि तिथून बाहेर सरकलं की त्यांची दाटी झपाट्याने कमी होते. या खळग्याच्या वाट्याला दृश्याचे जेमतेम दोन अंश येतात. म्हणून डोळा सतत उड्या मारतो, सेकंदाला तीन-चार. प्रत्येक मुक्काम सेकंदाच्या पाव भागाच्या आसपास. उडी चालू असताना मेंदू चित्र जवळजवळ बंदच करतो. आरशासमोर उभे राहून स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे, मग उजव्या डोळ्याकडे बघा. बुबुळं हललेली तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र स्पष्ट दिसतील. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात तुम्हालाही दिसतील, कारण ते चित्र किंचित उशिरा येतं.

वाचतानाही नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, टप्प्याटप्प्याने जाते, हे पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेने १८७९च्या सुमारास मांडलं. पुढे एडमंड ह्यूई या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे मोजायचं ठरवलं. त्याने प्लास्टर ऑफ पॅरिसची एक छोटी वाटी वाचकाच्या बुबुळावर बसवली, तिला अ‍ॅल्युमिनियमची सळई जोडली आणि सळईचं टोक काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघ ओढत राहिलं. डोळा बधिर करायला कोकेन वापरलं होतं. १९०८ मध्ये आलेलं त्याचं पुस्तक वाचनशास्त्रात आजही सांगितलं जातं. आता असा छळ नाही. पडद्याखाली बसवलेला कॅमेरा न दिसणारा अवरक्त प्रकाश डोळ्यावर टाकतो आणि परतलेल्या चकाकीवरून नजर कुठे टेकली आहे ते ओळखतो.

पडद्यावर किती गोष्टी आहेत यापेक्षा नखाएवढी ही जागा आधी कुठे टेकते, मग कुठे जाते आणि कुठे पोचण्याआधीच कंटाळते, याला महत्त्व आहे. पडदा रचणारा माणूस हेच ठरवत असतो, त्याला ते माहीत असो वा नसो.

संभाजीनगरच्या गारखेड्यात सूतगिरणी चौकाकडून गजानन महाराज मंदिराकडे जाताना कुठल्याही किराणा दुकानात संध्याकाळी पाच मिनिटं उभे राहा. हा संवाद कानावर पडतोच.

“काका, झालं बघा पेमेंट.”

“आवाज नाही आला, दादा.”

“अहो, हिरवं आलंय ना. हे बघा.”

“हिरवं सगळ्यांचंच येतं. जरा थांबा.”

काकांचं म्हणणं संशयी वाटेल, पण दृष्टिशास्त्राच्या कसोटीवर ते तंतोतंत उतरतं. पैसे दिल्यावर येणारा पडदा आठवून बघा. मधोमध हिरवं वर्तुळ, त्यात पांढरी बरोबरची खूण, खाली ठसठशीत रक्कम. पैसे कुणाला गेले, कधी गेले, व्यवहाराचा क्रमांक काय, हे सगळं तळाशी, बारीक आणि करड्या रंगात. गर्दीत एकच वेगळ्या रंगाची वस्तू असेल तर ती शोधावी लागत नाही, आपणहून समोर येते. भोवतालची गर्दी वाढली तरी वेळ वाढत नाही. अ‍ॅन ट्रीसमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० मध्ये हे सिद्धान्ताच्या रूपात मांडलं. बारीक करडी अक्षरं मात्र एकेक करून वाचावी लागतात, म्हणजे नजरेला तिथे मुक्काम करावा लागतो. गिऱ्हाइकाने हात लांब करून फोन दाखवला आणि मागे घेतला, तेवढ्यात दुकानदाराच्या नजरेला तीन-चार मुक्काम मिळतात. ते हिरव्या खुणेवर आणि रकमेवर खर्च होतात. कालच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट किंवा असा पडदा हुबेहूब काढून देणारं बनावट अ‍ॅप एवढ्यावर सहज खपून जातं.

त्यावर निघालेला उपाय मला फार आवडतो, कारण त्याने पडद्याचा नादच सोडला. काउंटरवर बोलणारा डबा आला. पैसे खात्यात जमा झाले की तो मराठीत रक्कम सांगतो. दुकानदाराची नजर तराजूवर राहते, गल्ल्यावर राहते, आणि गिऱ्हाइकाच्या हातातल्या पडद्याला साक्षीदार म्हणून किंमत उरत नाही. पडद्याची रचना सुधारण्यापेक्षा नजरेवरचं ओझं कानाकडे दिलं, एवढीच ही युक्ती.

उलट बाजूचं उदाहरणही याच व्यवहारातलं आहे. “तुम्हाला पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका” असं सांगून कित्येकांची खाती रिकामी झाली. यूपीआयमध्ये पैसे मागण्याची विनंती पाठवायची सोय होती. ती आली की पडद्यावर मोठी रक्कम दिसायची आणि त्याच्या जवळपास, लहान अक्षरांत, ही रक्कम तुमच्या खात्यातून जाणार असल्याचा मजकूर. रकमेवर बसलेली नजर मजकुराकडे वळायच्या आत बोटांनी पिन टाकलेला असायचा. अखेर नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली अशी मागणीची सोय बंद केली. ताकीद देऊन काम भागलं नाही, बटणच काढावं लागलं.

मग नजर म्हणजे पडद्याची गुलाम का? तसंही नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी इल्या रेपिन यांचं एक प्रसिद्ध चित्र लोकांपुढे ठेवलं. हद्दपारीतून माणूस अचानक घरी परतला आहे आणि घरची माणसं दचकून बघताहेत, असा प्रसंग. बघणाऱ्याला आधी काहीच विचारलं नाही, मग प्रश्न बदलत नेले: हे कुटुंब किती सधन असेल, यांची वयं काय असतील, आलेला माणूस किती दिवसांनी आला असेल. चित्र तेच, माणूस तोच, पण प्रत्येक प्रश्नागणिक नजरेची वाट निराळी. वय विचारलं की नजर चेहऱ्यांवर, सधनता विचारली की कपड्यांवर आणि सामानावर. यार्बुस यांचं पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आलं तेव्हापासून या शास्त्रातला हा पहिला धडा आहे: नजर कुठे जाईल हे समोरच्या वस्तूइतकंच डोक्यातल्या प्रश्नावर ठरतं. दुकानातल्या काकांचा प्रश्न “आले का?” एवढाच असेल तर हिरवी खूण उत्तर देऊन मोकळी होते. “कुणाकडून, कधी आले?” असा प्रश्न असेल तर तीच नजर तळाशी जाते.

संभाजीनगरात आणखी एक गंमत आहे. शहागंज, सिटी चौक या भागात पाट्या वाचत निघालात तर काही डावीकडून उजवीकडे वाचायच्या, काही उजवीकडून डावीकडे. याच शहरातून ‘औरंगाबाद टाइम्स’ हे उर्दू दैनिक निघतं आणि मराठी दैनिकांच्या आवृत्त्याही निघतात. दोन्ही वाचणारी माणसं घरोघर आहेत. त्यांची नजर काय करत असेल?

इंग्रजी वाचताना ज्या अक्षरावर नजर टेकते त्याच्या डावीकडची तीन-चार अक्षरंच उपयोगी पडतात. उजवीकडची मात्र चौदा-पंधरा. मॅकॉन्की आणि रेनर या संशोधकांनी १९७५-७६ मध्ये हे शोधलं. पुढे १९८१ मध्ये हाच प्रयोग हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्या इस्रायली वाचकांवर झाला. हिब्रू उर्दूसारखीच उजवीकडून सुरू होते. हिब्रू वाचताना त्यांचं लक्ष डावीकडे झुकलेलं सापडलं आणि त्याच माणसांनी इंग्रजी हातात घेतलं की ते उजवीकडे झुकलं. म्हणजे दिशा डोळ्यात कोरलेली नसते, लिपीगणिक बदलते. म्हणूनच उर्दू मांडणीच्या फोनमध्ये मागे जाण्याचा बाण उलटा होतो, यादी उजव्या कडेला चिकटते. आकडे मात्र उर्दूतही डावीकडून उजवीकडेच लिहिले जातात, त्यामुळे उर्दू ओळीत फोन नंबर आला की नजर मध्येच उलटी फिरते.

मराठीला दिशेचा त्रास नाही, उंचीचा आहे. आपल्या अक्षराला वर रफार, अनुस्वार, वेलांटी आणि खाली उकार लागतात. इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखलेल्या बटणात मराठी शब्द कोंबला की वरची मात्रा छाटली जाते किंवा खालचा उकार पुढच्या ओळीत घुसतो. सरकारी संकेतस्थळांवर हे इतकं सर्रास दिसतं की आपण तक्रार करायचंही सोडलं आहे. छाटलेलं अक्षर ओळखायला नजरेला एक मुक्काम जास्त लागतो, आणि अर्ज भरणारा माणूस त्याचा दोष स्वतःच्या शिक्षणाला देतो.

इथून शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथल्या चित्रकारांना ओळीचं बंधनच नव्हतं. तिथल्या अनेक जातककथांची चित्रं डावीकडून उजवीकडे किंवा काळाच्या क्रमाने जात नाहीत. एका जागी घडणारे प्रसंग एकत्र आणि दुसऱ्या जागी घडणारे दुसरीकडे, अशी ती मांडलेली आहेत. कथा माहीत नसलेल्याची नजर भिंतीवर भरकटते. पण पहिल्या लेण्यात पद्मपाणीपाशी कुणीही भरकटत नाही. भोवतालच्या माणसांपेक्षा ती आकृती कितीतरी मोठी आहे, आणि नखाएवढी नजर आधी मोठ्या गोष्टीवर जाते हे चित्रकाराला कुठल्याही कॅमेऱ्याविना ठाऊक होतं.

मात्र मोठं केलं की दिसतंच, असं समजणारे फसतात. १९९८ मध्ये बेनवे आणि लेन या अमेरिकी संशोधकांना आढळलं की वेबपानावर सगळ्यात मोठी, रंगीत, ठळक पट्टी लोकांना दिसतच नव्हती, आणि नेमकी हवी ती माहिती त्या पट्टीत होती. पट्टी जाहिरातीसारखी दिसत होती एवढंच तिचं पाप. २००६ मध्ये निल्सन नॉर्मन ग्रुप या संशोधन संस्थेने २३२ जणांची नजर टिपली. मजकुराने भरलेल्या पानावर ती इंग्रजी एफ अक्षरासारखी फिरली: वरची ओळ पूर्ण, खालची अर्धी आणि मग डाव्या कडेने घसरगुंडी. काही रचनाकारांनी यालाच आदर्श मानून पानं आखली, हा शुद्ध गैरसमज. एफ ही कंटाळलेल्या माणसाची वाट आहे.

त्याहून अस्वस्थ करणारा प्रयोग २०१३ सालचा आहे. फुप्फुसांच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला बसलेल्या २४ क्ष-किरणतज्ज्ञांच्या चित्रात संशोधकांनी गोरिलाचं चित्र घुसडलं होतं. २० जणांना तो दिसला नाही. नजरेचा माग काढला तेव्हा कळलं, की या वीसपैकी बारा जणांची नजर थेट गोरिलावर जाऊन आली होती. पाहिलं आणि दिसलं नाही. ते गाठ शोधत होते, गोरिला नाही.

हे सगळं जिथे एकत्र येतं असा एक फलक आपण प्रत्येकाने वापरला आहे. तो काचेचा पडदा नाही, पण माणसाने नजरेसाठी रचलेला तो या देशातला सगळ्यात महत्त्वाचा फलक असावा: मतदान यंत्राचं मतपत्र-युनिट. एका युनिटवर १६ ओळी. प्रत्येक ओळीत अनुक्रमांक, नाव, मग उमेदवाराचा फोटो, मग चिन्ह, आणि उजवीकडे दिवा व निळं बटण. आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावं वर्णानुक्रमाने. १३ मे २०२४ रोजी संभाजीनगरकरांनी लोकसभेसाठी मत दिलं तेव्हा उमेदवार इतके होते की एका युनिटवर मावले नव्हते. मतदार आत शिरतो तो एकच खूण डोक्यात घेऊन. बटणाच्या सगळ्यात जवळ चिन्ह असतं, त्यामुळे बोट उठतं ते चिन्हावर नजर ठेवूनच. नाव वाचायला नजरेला उलट डावीकडे जावं लागतं, आणि जो वाचत नाही त्याच्यासाठी तो प्रवास नाहीच.

त्या निवडणुकीत शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवं चिन्ह फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळालं होतं. प्रचारात लोक त्याला नुसतं ‘तुतारी’ म्हणत. मुक्त चिन्हांच्या यादीत ट्रम्पेट होतं. गावाकडे त्याला पिपाणी म्हणतात. ते काही अपक्षांना मिळालं. सातारा मतदारसंघात उदयनराजे भोसले यांनी या पक्षाच्या शशिकांत शिंदे यांना ३२,७७१ मतांनी हरवलं, आणि तिथे पिपाणी मिळालेल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. दिंडोरीत याच पक्षाचे भास्कर भगरे जिंकले, पण पिपाणी चिन्हाच्या, त्याच आडनावाच्या अपक्षाने १,०३,६३२ मतं घेतली.

ही सगळी मतं चुकून पडली असं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि मतदार आत काय पाहत होता याचा माग काढायला तिथे कॅमेरा नसतो, नसावाच. तरी चौकटीतल्या चित्रांचा हिशेब मांडून बघा. टपाल तिकिटाएवढ्या जागेत माणूस काढायचा, तर तुतारी लहान होणार. एकटी पिपाणी काढायची, तर तीच चौकटभर मोठी दिसणार. प्रचारात माणसाचा उल्लेख गळून फक्त तुतारी उरली होती, म्हणजे मतदार तुतारीचा आकार शोधत होता. अशा नजरेला फलकावर सगळ्यात स्पष्ट सापडेल ते वाद्य कुठलं? एकदा सापडलं की शोध संपतो. दुसरं असेल का, हा प्रश्न रांगेतल्या माणसाला पडत नाही. नंतर व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते, पण तिथेही तो तेच चिन्ह ओळखून समाधानाने बाहेर पडतो. पक्षाने नेमकी तीच तक्रार केली, की यंत्रावर आमचं चिन्ह लहान दिसतं. विधानसभा निवडणुकीआधी निवडणूक आयोगाने ते ठळक करण्याची मागणी मान्य केली. पिपाणी मात्र वेगळं चिन्ह म्हणून राहू दिली.

अमेरिकेला हा धडा २००० सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मिळाला. फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत वयस्क मतदारांना वाचता यावं म्हणून मतपत्रिकेची अक्षरं मोठी केली. त्यामुळे उमेदवारांची नावं दोन पानांत गेली आणि छिद्रांची रांग मध्ये आली. डाव्या पानावरच्या नावांत दुसरे असलेल्या अल गोर यांचं छिद्र तिसरं होतं. दुसरं छिद्र पॅट ब्युकॅनन यांचं. त्यांना तिथे सुमारे ३,४०० मतं मिळाली. बुश यांनी अख्खं राज्य ५३७ मतांनी जिंकलं. हेतू इतका चांगला होता की चूक आधी कुणाला दिसलीच नाही.

आपल्या आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये मतपत्रिकेची रचना बदलली. उमेदवाराचा फोटो रंगीत, फोटोतल्या जागेचा तीन चतुर्थांश भाग चेहऱ्याचा, अनुक्रमांक ३० आकाराच्या ठळक आकड्यांत, सगळी नावं एकाच टायपात आणि सहज वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत, सुरुवात बिहारपासून. चेहऱ्याकडे नजर फार लवकर जाते, त्यामुळे हा बदल चांगलाच आहे. पण माझ्या मते काम अर्धंच झालं. दोन चिन्हं कागदावर मोठी करून शेजारी ठेवली की वेगळी दिसतातच. ती यंत्रावरच्या आकारात, अपुऱ्या उजेडात, चष्मा घरी विसरलेल्या सत्तरीच्या आजीला दोन सेकंदांत वेगळी दिसतात का, हे तपासूनच चिन्हांची यादी ठरवली पाहिजे. हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. वीस-पंचवीस आज्या लागतात.

निवडणूक पाच वर्षांनी येते, खरेदीचा पडदा रोज हातात असतो, आणि तिथे चूक नकळत होत नाही. “घ्या” हे बटण भगवं किंवा हिरवं आणि “नको” हे पांढऱ्यावर फिकट करडं, असं ठेवणाऱ्याला डोळ्याचं शास्त्र चांगलं कळलेलं असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रचनांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. नकाराचा पर्याय फिकट करणं त्यात आहे. न विचारता टोपलीत देणगी किंवा विमा सरकवणं आहे. विमानाच्या तिकिटासोबत विमा नको म्हणणाऱ्याला “मी असुरक्षित राहीन” अशा वाक्यावर बोट ठेवायला लावणं आहे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःच्या पडद्यांची तपासणी करायला सांगितलं. ज्याने सापळा लावला त्यालाच तो मोजायला सांगणं, ही व्यवस्था मला फारशी भरवशाची वाटत नाही.

तेव्हा पैशाचा कुठलाही पडदा समोर आला की रंगीत बटणाकडे जाणारी नजर एकदा थांबवा आणि सगळ्यात फिकट ओळ आधी वाचा. लपवण्यासारखं काही असेल तर ते तिथेच असतं. आजीच्या, वडिलांच्या फोनमध्ये बसून त्यांनाही ती ओळ दाखवा. फसव्या रचनेची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर करता येते. पैसे गेलेच असतील, तर १९३० वर लगेच फोन करा.